वडिलांचा निकाल, मुलाचा निकाल

तरुण मित्रांनो, व्यभिचाराचा कायदा परत आणावा, असं आपल्या भेस्तानमध्येही कुणी कुणी म्हणतं. पण तो कायदा होता कसा? कलम ४९७ प्रमाणे शिक्षा फक्त परपुरुषाला, पाच वर्षांपर्यंत. नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही! आणि नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला या कलमाखाली तक्रारीचा हक्कच नाही.

१९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने हे कलम कायम ठेवलं. २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते एकमताने रद्द केलं. त्यात त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

मला हे योग्य वाटतं. फसवणूक झाली तर घटस्फोट मागता येतो, नवऱ्याला तसाच बायकोलाही. तुरुंगाच्या भीतीने संसार टिकत नाही. लग्न ठरवताना दोघांनी याविषयी मोकळेपणाने बोलावं, एवढंच सुचवतो.