गड पायीच चढावा

सातारा शहराच्या माथ्यावर अजिंक्यतारा उभा आहे. आता गडाच्या दरवाजाजवळपर्यंत मोटार जाते. वृद्धांसाठी व अपंगांसाठी ही सोय उत्तमच होय. परंतु धडधाकट मुलांनी तरी हा गड पायीच चढावा, असे मला वाटते.

मोटारीने जाणाऱ्यास गडाचा दरवाजा दिसतो; पण गडाचा पहिला तट त्याच्या ध्यानातच येत नाही. हा उभा चढ हाच तो तट! १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाने या गडास वेढा घातला. त्याच्यापाशी तोफा होत्या, सुरुंग होते, अफाट फौज होती. तरीही प्रयागजी प्रभूंनी चार महिन्यांहून अधिक काळ गड झुंजविला. हे आपण पुस्तकात वाचतो आणि पान उलटतो. अर्ध्या वाटेवर धाप लागते, सदरा घामाने भिजतो, तेव्हा त्या वाक्याचा खरा अर्थ कळतो.

चढताना मधूनमधून थांबून मागे पाहावे. घरे लहान होत जातात आणि शहराचा विस्तार नजरेत भरतो. १७०८ साली शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. त्यांच्याच काळात गडाच्या पायथ्याशी हे शहर वसले. गडाच्या आश्रयाने शहर का वाढले, हे येथे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मुलांनो, थकलात तर घटकाभर बसा, पाणी प्या आणि पुन्हा चढू लागा. मात्र वर गेल्यावर तटावर आपले नाव कोरू नका. ज्यांनी हा तट राखला, त्यांपैकी बहुतेकांची नावे त्यावर कोठेच नाहीत.