नभोवाणी केंद्राचा दिनक्रम

मराठीत नभोवाणीविषयी जे लिहिले गेले आहे ते बहुतांशी कलावंतांविषयीचे आहे. बा. सी. मर्ढेकर, पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर हे लेखक आकाशवाणीच्या नोकरीत होते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदली जाते. ‘गीतरामायणा’ची जन्मकथाही आवडीने सांगितली जाते. परंतु केंद्र रोज चालते कसे, ते चालू ठेवणारी माणसे नेमके काय करतात, हा विषय समीक्षेत नाही आणि धोरणाच्या चर्चेतही तो ओझरताच येतो. ही उपेक्षा निरुपद्रवी असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. तथापि या कामाचे स्वरूप ध्यानात न घेतल्यामुळेच केंद्र म्हणजे प्रक्षेपक असे समीकरण रूढ होत चालले असून त्याचे परिणाम आता दिसू लागले आहेत.

केंद्राचा दिवस परंपरेने तीन सभांत विभागलेला असतो. श्रोत्याच्या लेखी पहिली सभा संकेतधुनीने सुरू होते. युरोपातून निर्वासित म्हणून मुंबईस आलेल्या वॉल्टर काउफमान या संगीतकाराने बांधलेली ही धून पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडत आली आहे. केंद्राच्या लेखी मात्र सभा त्याआधी बराच वेळ सुरू झालेली असते. मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाला उंच मनोरा व त्याभोवती मोकळी जमीन लागते. म्हणून तो बहुधा गावाबाहेर असतो. तेथील अभियंता यंत्र सज्ज करतो, स्टुडिओशी जोडणारी वाहिनी तपासली जाते, वीज गेल्यास जनित्र सुरू होईल याची खात्री करून घेतली जाते. इकडे ड्यूटी रूममध्ये बसलेल्या अधिकाऱ्यापुढे त्या दिवसाची क्यू शीट असते. कोणता कार्यक्रम किती मिनिटे किती सेकंदांचा, त्याचे ध्वनिमुद्रण कोठे आहे, निवेदन कोणाचे, हे सारे तीत लिहिलेले असले तरी लिहिल्याप्रमाणे दिवस पार पडतोच असे नाही. दिल्लीच्या बातम्या कोणासाठी थांबत नाहीत. भाषण चाळीस सेकंद आधी संपले तर तेवढ्यापुरते वाद्यसंगीत हाताशी असावे लागते. लांबले तर ते हळूच मिटवून सहक्षेपण जोडावे लागते, आणि व्याख्याते पुढे चार दिवस रुसून बसतात. वक्ता आलाच नाही तर राखीव ध्वनिमुद्रण काढावे लागते.

या अधिकाऱ्याचे मुख्य काम मात्र ऐकणे हे होय. संपूर्ण सभा तो ऐकतो आणि घडलेली प्रत्येक चूक नोंदवहीत लिहितो : इतके सेकंद शांतता राहिली, अमुक तबकडी चुकीच्या गतीने लागली, तमुक नावाचा उच्चार बिघडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत ही नोंद वाचली जाते आणि ज्याची त्याला विचारणा होते. साहित्याच्या क्षेत्रात इतके नियमित व इतके निष्ठुर परीक्षण कोठेही होत नाही! नभोवाणीचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने मानपत्रांच्या आधी या नोंदवह्या चाळावयास हव्यात. टेपची जागा आता संगणकाने घेतली आहे. क्यू शीट पडद्यावर दिसते आणि गाणी यंत्र आपोआप लावते. ऐकण्याचे व त्यावरून निर्णय घेण्याचे काम मात्र यंत्राकडे गेलेले नाही.

या दिनक्रमाकडे कारकुनी म्हणून पाहणाऱ्यांनी ‘गीतरामायणा’चाच पुन्हा विचार करावा. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे केंद्रावरून त्यातील पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभराहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी हरवला व ग. दि. माडगूळकरांना ते पुन्हा लिहावे लागले, ही हकीकत रसिकांत प्रसिद्ध आहे. ती कवीच्या प्रतिभेचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या हकीकतीत आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे केंद्राचे घड्याळ. वेळ ठरलेली होती व ती टळणार नव्हती. सीताकांत लाड यांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे स्वर यांना जोडून ठेवणारी सक्ती त्या ठरलेल्या वेळेची होती. दर आठवड्यास वादक, गायक, तालीम व स्टुडिओ यांची जुळणी नित्याच्या शेतीविषयक कार्यक्रमांना धक्का न लावता होत होती. त्याच केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांतील मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. अशा प्रश्नांना पुढील प्रसारणात उत्तर द्यावयाचे तर पत्र वाचणारा व त्या गावची बोली समजणारा माणूस केंद्रातच असावा लागतो.

प्रक्षेपण अखंड असूनही प्रसारण थांबलेले असते, याचे उदाहरण देशाने ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पाहिले. इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या मृत्यूची वार्ता बी.बी.सी.ने दिवसा दिली, आकाशवाणीने ती सायंकाळी सहाच्या सुमारास. त्या मधल्या तासांत सारे प्रक्षेपक व्यवस्थित चालू होते. नोंदवहीच्या दृष्टीने त्यात दोष काढता आला नसता. मात्र जे सांगावयाचे ते सांगण्याचा अधिकार केंद्रांत बसलेल्या कोणालाही नव्हता.

याच्या उलट प्रकार सप्टेंबर २०१४ मध्ये श्रीनगरला घडला. झेलमच्या पुराने शहर बुडाले, केंद्राच्या इमारतीत पाणी शिरले आणि प्रक्षेपण खरोखरच बंद पडले. मग शंकराचार्य टेकडीवरून तात्पुरती सोय करून ते पुन्हा सुरू करण्यात आले आणि ताटातूट झालेल्यांचे निरोप तेथून वाचले जाऊ लागले. यंत्रसामग्री तुटपुंजी होती. पण बोलणारे लोक त्या गावचे होते. कोणता मोहल्ला कोठे आहे हे त्यांना विचारावे लागत नव्हते.

१९४७ साली भारताच्या वाट्यास सहा केंद्रे आली. त्यांचा आवाज देशाच्या अडीच टक्के भूभागापर्यंत व अकरा टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचत असे. आज सुमारे ९२ टक्के भूभाग व ९९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या आकाशवाणीच्या कक्षेत असल्याचे सांगितले जाते. ही प्रगती मोठी आहे, ती नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु हे आकडे लहरींची पोच मोजतात, त्यांवरून काय बोलले जाते हे मोजीत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये ९१ एफ.एम. प्रक्षेपकांचे एकाच वेळी उद्घाटन झाले. ते प्रत्येकी १०० वॅटचे असून त्यांचे काम सहक्षेपणाचे आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा निर्णय झाला व विरोध झाल्यावर त्यास स्थगिती मिळाली. दोन्ही घटनांमागील विचार एकच दिसतो : आवाज पोहोचला की झाले, तो कोठून निघाला यास महत्त्व नाही. निवेदनाचा मोठा भार अनेक ठिकाणी नैमित्तिक निवेदकांवर असतो आणि त्यांना महिन्यातून सहाच दिवस काम देण्याची रीत आहे. सहा दिवसांच्या माणसाकडून केंद्राची स्मृती सांभाळली जाण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होय.

सहक्षेपण हे स्वतः वाईट नाही. प्रत्येक लहान केंद्राने दिवसभर स्वतःचे कार्यक्रम करावेत असा आग्रह कोणी शहाणा माणूस धरणार नाही. तेवढा पैसा नाही आणि तेवढे वक्तेही नाहीत. १९८४ साली नागरकोइलला पहिले स्थानिक केंद्र निघाले तेव्हाचा हेतू याहून साधा होता : त्या त्या परिसराचे त्याच्या भाषेत बोलणारे केंद्र असावे. ज्या केंद्रांना आज स्टुडिओ आहे तेथे निदान एक सभा पूर्णपणे स्थानिक राखावी, ती चालविणारा अधिकारी कायम नोकरीत असावा, आणि नदी चढू लागली असता वरिष्ठांच्या दूरध्वनीची वाट न पाहता सहक्षेपण तोडून स्वतः बोलण्याचा लेखी अधिकार त्याला द्यावा. यास नवी इमारत लागत नाही की नवे यंत्रही लागत नाही. आजच्या व्यवस्थेत प्रक्षेपक बंद पडला तर वर कळवावे लागते; परंतु एखादे केंद्र महिनाभर स्वतःचे एक वाक्यही न बोलता चालत राहिले, तर त्याची नोंद करण्यासाठी नोंदवहीत रकाना नाही.