डॉक्टरांची लेव्ही



फवारणी करता करता माणूस शेतात कोसळला की आपण त्याला बाजेवर घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतो. तिथे डॉक्टरची खुर्ची रिकामी. पुढे ग्रामीण रुग्णालय. तिथे इमारत आहे, खाटा आहेत, भूलतज्ज्ञ नाही. मग जिल्ह्याची वाट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सरकारने चौकशी नेमली. चौकशीला माणसे बरी लगेच मिळतात!

सरकारचे उत्तर ठरलेले : खेड्यात यायला कोणी तयार नाही. आम्ही म्हणतो, हे खोटे आहे. २०२१ साली आरोग्य खात्याच्या क आणि ड गटाच्या जागांसाठी लाखो मुलामुलींनी अर्ज केले. पेपर फुटले, फोडणाऱ्यांत खात्यातलेच अधिकारी सापडले, परीक्षा रद्द झाली. १०,९४९ जागांची नवी जाहिरात निघाली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. या दोन वर्षांत त्या पदांचा पगार कोणाचा वाचला?

डॉक्टरांची गोष्ट वेगळी, पण आपल्या ओळखीची. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाही तर दहा लाख रुपये भरायचे. याला बंधपत्र म्हणतात. आम्ही याला लेव्ही म्हणतो. भाव सरकारने ठरवायचा आणि माल सक्तीने उचलायचा, हा खेळ ज्वारीत आणि साखरेत आपण भोगला आहे. साखरेची लेव्ही २०१३ साली गेली, डॉक्टरांची चालूच आहे. लेव्हीच्या पोत्यात निवडून चांगला दाणा कोणी घातला होता? ज्याच्या बापाकडे दहा लाख आहेत तो पैसे भरून सुटतो. उरलेला वर्ष मोजत बसतो आणि गावाची नाडी कळू लागते तोवर निघून जातो.

डॉक्टर टिकला तर काय होते, हे कोकणाने पाहिले आहे. जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे डोळ्यांदेखत मरत होती. ते रोग्यांच्या उशाशी बसले, तासातासाला नोंदी केल्या, आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर चालते हे त्यांनी जगाला दाखवले. हा शोध मुंबईच्या प्रयोगशाळेत लागला नाही, कारण मुंबईत विंचू शेतकऱ्याला चावत नाही. अशा माणसाला घर, मुलांना शाळा आणि शहरापेक्षा चार पैसे जास्त मिळतील असे धोरण का नाही? ज्या मालाला भाव, तो माल बाजारात येतो. एवढे अर्थशास्त्र आम्हाला कळते, मंत्रालयाला कळत नाही.

आणि ज्या गावात राहूनच काम करतात त्यांचे काय? साधारण हजार वस्तीमागे एक आशा. बाळंतपण, लसी, क्षय, कुष्ठ, सगळे तिच्या डोक्यावर. हातात मात्र पगार नाही, मोबदला. २०२३ साली तिला संपावर बसावे लागले. शेतातल्या बाईच्या कष्टाला हिशेबात न धरण्याची जी रीत आहे, तीच सरकारने दप्तरात आणली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरची नवजात बाळे वाचवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले. म्हणजे बाई कमी पडत नाही, दाम कमी पडतो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचे तेच. दहा वर्षे भरलेल्यांना सामावून घेऊ असा आदेश मार्च २०२४ मध्ये निघाला. तो अमलात आणा, एवढ्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना संप करावा लागला.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपल्या आरोग्य केंद्राचा कागद आणावा : मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणते पद कोणत्या तारखेपासून रिकामे. तोंडी सांगितलेले धरू नका, माहितीच्या अधिकारात लेखी मागा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. सगळे कागद एकत्र करून आपण जिल्हा परिषदेच्या दारात जाणार आहोत.