दुरुस्तीचा हक्क की दुरुस्तीची भीक?

२०२२ सालच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर एक समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाचा मुहूर्त साधून, त्या नावाचे एक संकेतस्थळही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारगाड्या या चार क्षेत्रांतील कंपन्यांनी आपल्या मालाच्या दुरुस्तीविषयीची माहिती तेथे द्यावी, अशी ही योजना. माहिती 'द्यावी', दिलीच पाहिजे असे नव्हे. न दिल्यास काय, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण योजनेच्या पाठीशी कायदाच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्या हक्कांची यादी दिलेली आहे. तीत दुरुस्तीचा हक्क शोधूनही सापडत नाही. पुढे २०२४ साली 'दुरुस्तीक्षमता निर्देशांक' ठरविण्यासाठी आणखी एक समिती झाली आणि २०२५ मध्ये तिचाही अहवाल आला. ज्याची बजावणी समोरच्याच्या मर्जीवर सोपविलेली असते, त्याला मराठीत हक्क म्हणत नाहीत. त्याला याचना म्हणतात.

आमच्याच घरातील गोष्ट सांगतो. कपडे धुण्याच्या यंत्रातून आठव्या वर्षी घरघर ऐकू येऊ लागली. गल्लीतल्या कारागिराने कान लावला आणि पाच मिनिटांत निदान केले : बेअरिंग गेले. बेअरिंग ही बाजारात कोठेही मिळणारी, दोन-चारशे रुपयांची वस्तू. परंतु ज्या टबाच्या पोटात ते बसविलेले असते, त्या टबाची दोन शकले कारखान्यातच वितळवून एकमेकांना कायमची चिकटविलेली होती. पूर्वी याच ठिकाणी स्क्रू असत. कंपनीच्या अधिकृत केंद्राने संपूर्ण टबाचा जो आकडा सांगितला तो नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता; आणि सांगणाऱ्या तरुणाने मोठ्या कळवळ्याने 'जुने द्या, नवे घ्या' योजनेचे पत्रकही आमच्यापुढे सरकवले. आमच्या कारागिराने मग करवतीने तो टब कापला, बेअरिंग बदलले, कडांना सिलिकॉन लावून भोके पाडली आणि स्क्रू पिळून टब पुन्हा जोडला. यंत्र आजही चालू आहे. जे काम कंपनीने अशक्य करून ठेवले होते, ते एका टपरीवाल्याने एका दुपारी केले. त्या टपरीवाल्याला ना यंत्राचा नकाशा मिळतो, ना सुटे भाग. आणि हमीचा काळ संपण्यापूर्वी त्याने यंत्राला हात लावला तर हमी रद्द होईल, असा धाक ग्राहकाला घातलेला असतो.

सध्या 'वर्तुळाकार अर्थव्यवस्था' हा शब्द व्यवस्थापनशास्त्राच्या परिसंवादांत फार चलनात आहे. वस्तू फेकू नये, दुरुस्त करावी, पुन्हा वापरावी आणि तिच्यातूनच नवा धंदा उभारावा, असा त्याचा मथितार्थ. ज्या समाजात बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देत असे, कल्हईवाला चौकात भाता फुंकत असे, विटलेल्या लुगड्यांची गोधडी होत असे आणि जळालेल्या पंख्याची मोटार रिवाइंडिंगवाला नवी तार गुंडाळून जिवंत करीत असे, त्या समाजाला हा शब्द आयात करून शिकवावा लागतो, यातच सारे आले. अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे आम्हांला कारण नाही. त्या काटकसरीमागे दारिद्र्य होते, आणि दुरुस्ती करणाऱ्या हातांची पायरी जातीने ठरवून दिलेली होती. चप्पल शिवणाऱ्याला ओसरीखालीच बसावे लागे. परंतु तेव्हाची वस्तू उघडता येत असे, हे खरे आहे. वर्तुळ कोठे तुटले याचा शोध घ्यायचा असेल, तर ग्राहकाच्या 'बदलत्या मानसिकते'कडे बोट दाखविण्यापूर्वी कारखान्याच्या आराखड्याकडे पाहिले पाहिजे.

या बाबतीत इतिहास मोठा बोलका आहे. १९२४ सालच्या डिसेंबरात जिनिव्हा येथे जगातील प्रमुख विजेच्या दिव्यांच्या उत्पादकांनी एक गुप्त संघ स्थापन केला. जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स, फ्रान्सची एक कंपनी आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या परदेशांतील उपकंपन्या त्यात होत्या. 'फीबस' हे त्याचे नाव, सूर्यदेवाचे! या सूर्यदेवाने काय करावे? तोवर दीड-दोन हजार तास जळणारे दिवे बाजारात मिळत. ते एक हजार तासांवर आणावेत, असा निर्णय झाला. प्रत्येक कारखान्याचे दिवे प्रयोगशाळेत तपासले जात आणि जास्त टिकणारा दिवा बनविणाऱ्या सभासदाला दंड होई. कमी टिकाऊ दिवा बनविण्यासाठीही संशोधन लागते, निष्णात अभियंते लागतात, पैसा लागतो. तो सगळा तेथे ओतला गेला. दुसरे महायुद्ध पेटल्यावरच हा संघ मोडला.

आता त्याच फिलिप्स कंपनीची दुसरी कथा ऐका. २०१५ साली ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाशी तिचा एक करार झाला. विमानतळाने दिवे विकत घ्यायचेच नाहीत. फक्त प्रकाशाचे पैसे मोजायचे. दिव्यांची मालकी, देखभाल आणि शेवटी विल्हेवाट यांची जबाबदारी कंपनी व तिच्या भागीदारांकडे. या करारासाठी जे दिवे तयार झाले ते नेहमीच्या दिव्यांपेक्षा ७५ टक्के अधिक टिकतील, असे कंपनीनेच जाहीर केले. हे पूर्वीच का सुचले नाही? कारण पूर्वी दिवा गेला की खर्च ग्राहकाचा होई. आता तो कंपनीचा होणार होता. बिघाडाचा भुर्दंड ज्याच्या माथी, त्याला टिकाऊपणाची कला आपोआप अवगत होते. वर्तुळाकार व्यवसायाच्या पुरस्कर्त्यांचा हा मुद्दा आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु विमानतळाला वकिलांची फौज असते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला नसते. हाच भाडेपद्धतीचा प्रयोग घरगुती वस्तूंवर होतो तेव्हा त्याचे रूप पालटते. आज आपल्या शहरांतून पाणी शुद्ध करण्याची यंत्रे मासिक भाड्याने मिळतात आणि पैसे थकताच दुरूनच बंद करता येणारी यंत्रेही त्यांत आहेत. जमीनदाराला निदान वाड्यावर माणूस पाठवावा लागे. भाडेकरूपणाचा हा नवा अवतार पर्यावरणाच्या नावाने घरात शिरत असेल, तर अटी कोण ठरवतो, किती वर्षांनी वस्तू वापरणाऱ्याच्या मालकीची होते आणि भाडे किती वाढू शकते, हे प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. टिकाऊपणाचा सारा लाभ भांडवलदाराच्या ताळेबंदात जमा होणार असेल, तर वर्तुळ पूर्ण झाले, पण ते त्याच्या तिजोरीभोवती.

येथे आमच्या बाजूची एक अडचणही सांगितली पाहिजे. जुने म्हणजे नेहमीच चांगले, असे समीकरण मांडता येत नाही. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज खातो. नवा बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा रिवाइंडिंगवाल्याच्या प्रेमापोटी जुने पंखे फिरवत राहा, असे म्हणणे विजेच्या दृष्टीने शहाणपणाचे नाही. पण जुन्या पंख्यात कपॅसिटर गेला तर कोणीही अल्प पैशात तो बदलत असे. नव्या पंख्यात छोटासा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. अनेकदा तो राळेसारख्या पदार्थात बुडवून बंदिस्त केलेला असतो आणि बाहेरच्या दुकानात सहसा मिळत नाही. विजेची बचत आणि दुरुस्ती यांत निसर्गतः कोणतेही वैर नाही. पंख्यावर तारांकन सक्तीचे करता येते, तसे ते १ जानेवारी २०२३ पासून झालेही आहे. मग त्याच पंख्याचा बोर्ड सुटा विकण्याची सक्ती का होत नाही?

सक्तीचा विषय निघाला की कंपन्या 'तंत्रज्ञानाची गुपिते' आणि 'ग्राहकाची सुरक्षितता' पुढे करतात. आपल्याच देशात या सबबी एकदा तपासून झालेल्या आहेत. स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सुटे भाग व बिघाड शोधण्याची साधने मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्या अर्थातच वरच्या दारी गेल्या. पण सुटा भाग अडवून ठेवणे हा बाजारपेठेतील सत्तेचा दुरुपयोग आहे, हे तत्त्व तेव्हाच सांगून झाले. धुलाईयंत्राचा टब आणि मोटारीचा गिअर यांत तत्त्वतः फरक कोणता?

उलट कचऱ्याच्या बाबतीत सरकारची घाई पाहा. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. उत्पादकाने अमुक इतक्या वजनाच्या कचऱ्यावर प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे विकत घ्यायची. नूतनीकरण करून वस्तूचे आयुष्य वाढविले, तर ही जबाबदारी काही काळ पुढे ढकलली जाते, एवढीच काय ती दुरुस्तीची दखल. तीही नोंदणीकृत केंद्रांपुरती. आमच्या टपरीवाल्याने वाचविलेले यंत्र या हिशेबात कोठेच नाही. ते भंगारात गेले असते तर मात्र त्यातील लोखंड आणि तांबे मोजले गेले असते! एवढी सोयीची व्यवस्थाही कंपन्यांना जड वाटते. पुनर्प्रक्रियेसाठी किमान दर ठरवून दिला, तर काही बड्या कंपन्या २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

करांची गंमत याहून निराळी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रे व मोठे दूरदर्शन संच यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. नवी वस्तू स्वस्त झाली. अशा वस्तूंच्या दुरुस्तीवरचा १८ टक्के कर जेथल्या तेथे राहिला. लहान कारागिराची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असते, त्याला कर भरावा लागत नाही, असे सांगितले जाईल. पण सुट्या भागावर त्याने आधीच कर मोजलेला असतो आणि नोंदणी नसल्याने त्याची वजावट त्याला मिळत नाही. स्वीडनने २०१७ साली सायकली, पादत्राणे व कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर २५ वरून १२ टक्क्यांवर आणला होता. तेथील सरकारही भांडवलशाही देशाचेच होते.

'वस्तू टिकू लागल्या तर कारखाने बंद पडतील, कामगारांचे काय?' हा आक्षेप आमच्याच काही कामगार मित्रांकडून येतो, म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे. पूर्व जर्मनीत १९८० ते १९९० या काळात 'सुपरफेस्ट' नावाचे पेले बनत. रासायनिक प्रक्रियेने काच इतकी कठीण केलेली असे की पेला पडला तरी सहसा फुटत नसे. सुमारे १२ कोटी पेले तयार झाले. दोन जर्मनी एक होण्याच्या वर्षी उत्पादन थांबले. त्या राजवटीचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. पण न फुटणारा पेला बनविणे शक्य असूनही खुल्या बाजारात त्याला वाली मिळाला नाही, याचा विचार व्हायला हवा. शिवाय रोजगाराचा हिशेब मांडायचाच, तर पूर्ण मांडावा. यंत्रांनी भरलेला कारखाना फार थोडे हात मागतो. दुरुस्ती प्रत्येक वस्तूमागे एक माणूस मागते, आणि तो गल्लीतलाच असतो.

युरोपात १ मार्च २०२१ पासून धुलाईयंत्रांचे सुटे भाग १० वर्षे आणि शीतकपाटांचे ७ वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांना बंधनकारक आहे. आपल्याकडे माल विकणाऱ्या कित्येक कंपन्या तेथेही तोच माल विकतात. तेव्हा तेथे जे जमते ते येथे का जमू नये, याचे उत्तर त्यांनी द्यावे. सुटे भाग व नकाशे कोणत्याही कारागिराला छापील किमतीत मिळालेच पाहिजेत, आणि हे कलम कायद्यात हवे. त्याचबरोबर कारागिरांची संघटना हवी. कचरावेचकांनी पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम मिळविले. वर्तुळाकार व्यवसायाचा हा नमुना कष्टकऱ्यांच्या मालकीचा आहे. दुरुस्ती करणाऱ्यांच्या सहकारी संस्था, त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून इलेक्ट्रॉनिक बोर्डांचे शिक्षण आणि नगरपालिकांकडून बसायला जागा, हे सर्व याच वाटेने जाऊ शकते.

जागेचा प्रश्न तर आजचाच आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या व्याख्येत रस्त्यावर बसून सेवा देणाराही येतो. म्हणजे छत्री, कुलूप, चप्पल वा मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला या कायद्याचे संरक्षण मिळायला हवे. आमच्या त्या कारागिराची टपरी गेल्या वर्षी अतिक्रमणाच्या गाडीने दोनदा उचलून नेली. दुसऱ्या खेपेस तिच्यात शेजारपाजारच्यांनी दुरुस्तीला दिलेले तीन मिक्सर आणि एक शेगडी होती. दंड भरून टपरी सुटली, मिक्सर मिळाले नाहीत. त्यांची भरपाई तो अजून हप्त्याहप्त्याने करीत आहे.