हमालाचा खांदा आणि दबलेली नस

बिरसीला विमानतळ झाला, तरी गोंदियाची ओळख राईस मिलचीच. धानाचे कट्टे वाहणाऱ्या हमालाचा हात वर जाईना, की लोक म्हणतात, "दारू पितो." ओझं वाहणारा बहुतेक कोणत्या वस्तीतला असतो, हे सांगायला नको.

मित्रांनो, जरा शरीररचना बघा. मानेतल्या पाचव्या, सहाव्या, सातव्या मुळांपासून लाँग थोरॅसिक नर्व्ह निघते. बरगड्यांवरून उतरून ती सेरेटस अँटिरियर हा स्नायू चालवते. हाच स्नायू खांद्याचं पातं छातीशी धरून ठेवतो. ओझ्याने खांदा वारंवार दबला की नस ताणते, चेमटते. मग दोन्ही हातांनी भिंत ढकलली की पातं पंखासारखं बाहेर येतं. ही तपासणी कोणताही कार्यकर्ता करू शकतो.

नस सुधारायला महिने लागतात, कधी दोन वर्षंही. तोवर ओझं बंद. रोजंदारीवाल्याला ही चिठ्ठी म्हणजे चूल बंद!

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे तास आठवर आणायला झटले. इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नका, असं १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ३४ २०२५ पर्यंत सांगत होतं. १९६९ पासून माथाडी कायदाही आहे. मग माथाडी मंडळांनी दरवर्षी हमालांचे खांदे तपासावेत, आणि नस दबलेल्याला विश्रांतीच्या काळातली मजुरी द्यावी.