कुबट वासावर अत्तराचा फाया

पावसाळा अर्ध्यावर आला की मुंबई-ठाण्यापासून पणजीपर्यंतच्या मोटारमालकांची एक तक्रार हमखास सुरू होते. गाडीतील एसी चालू करताच पहिली दोन-चार मिनिटे ओल्या गोणपाटाचा वास नाकात शिरतो आणि मग हळूहळू विरतो. निदान नाकाला त्याची सवय तरी होते. मोटार ही एके काळी डॉक्टर-वकिलांची आणि कारखानदारांची मिरास होती. आज शिक्षक आणि कारकूनही हप्त्यांवर, पुष्कळदा जुन्या बाजारातून, मोटार घेतात. तेव्हा ही तक्रार श्रीमंतांचे नखरे म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी राहिलेली नाही. तिच्या निवारणापायी पैसा खर्च होतो, आणि त्यातील बराचसा भलत्याच गोष्टीवर होतो.

वासाचे मूळ मुळीच गूढ नाही. डॅशबोर्डच्या आत असलेली कूलिंग कॉइल अतिशय थंड असते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसे दमट हवेतील पाणी या कॉइलच्या पातळ पात्यांवर जमते आणि एका नळीवाटे गाडीखाली ठिबकते. गाडीखाली पाणी दिसले की नवखा मालक घाबरतो. वस्तुतः दमट दिवसात एसी बराच वेळ चालूनही पाणी ठिबकत नसेल, तर घाबरावे. नळी चिखलाने तुंबली असेल तर पाणी आतच साचते, प्रसंगी चालकाशेजारच्या आसनापुढील गालिचा भिजवते. त्या अंधाऱ्या ओलाव्यात धूळ चिकटते आणि बुरशीला व जंतूंना घर मिळते. रात्रभर गाडी बंद राहिली की त्यांचे फावते. सकाळी ब्लोअरचा पहिला झोत तोच वास घेऊन येतो.

निदान असे असल्यावर उपाय उघड आहे: ओल राहू द्यायची नाही. मुक्कामी पोहोचण्यापूर्वी चार-पाच मिनिटे एसीचे बटण बंद करून ब्लोअर मात्र चालू ठेवला, तर कॉइल बरीचशी कोरडी होते. (मुसळधार पावसात एसी बंद करताच काचा धुरकटतात, म्हणून हा प्रयोग धावत्या गाडीत नव्हे, सोसायटीच्या फाटकाआत गाडी उभी करून करावा.) बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असलेला एसीचा फिल्टर वर्षातून एकदा, साधारणतः पावसाळा सरताच बदलावा; तो काढायला अनेकदा हत्यारही लागत नाही. पुढच्या काचेच्या पायथ्याशी अडकलेला पालापाचोळा काढावा, नळी मोकळी करून घ्यावी. एवढ्याने भागले नाही, तर कॉइलवर सफाईचा फेस मारून घ्यावा. डॅशबोर्ड खोलण्याची पाळी त्यानंतरची.

परंतु गॅरेजात गेलेल्या मालकाच्या पदरी सहसा काय पडते? त्याला गॅस भरून मिळतो. हा गॅस बंद नळ्यांतून फिरतो. गाडीत बसलेल्यांच्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. मग गॅस भरून बुरशी कशी जावी? शिवाय गॅस कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस अखेरीस वातावरणातच जातो. आजही बहुसंख्य गाड्यांत असलेला हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता वाढविणारा आहे, हा त्यातला आणखी एक तोटा. ज्यांना गॅस परवडत नाही ते आरशाला सुगंधी डबी टांगतात. बुरशी तशीच राहते, फक्त तिला मोगऱ्याचा वास येऊ लागतो.

अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे, आणि योगायोग असा की त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मोटारींचेच आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात खराब माल चांगल्याला हुसकावून लावतो, असे त्यांनी दाखविले. २००१ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत ते होते. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी पुढची पायरी मांडली: काही सेवा अशा असतात की त्या घेतल्यावरसुद्धा त्यांची गरज होती की नव्हती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. गॅस भरला, आठ दिवस कडक ऊन पडले, वास गेला. श्रेय गॅसला मिळाले.

तथापि सारा दोष मेकॅनिकच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. नळी साफ करण्याच्या दहा मिनिटांच्या कामाचे त्याने दोनशे रुपये मागितले, तर ‘नुसती नळी तर साफ केली!’ म्हणून हुज्जत घालणारे गिऱ्हाईक दोन हजारांचा गॅस मुकाट्याने भरून घेते. वस्तूला पैसे द्यायचे, पण श्रमाला आणि अचूक निदानाला द्यायचे नाहीत, ही सुशिक्षितांचीच रीत आहे. तिला मेकॅनिक जुळवून घेतो, इतकेच. मोठ्या सर्व्हिस सेंटरांतून ‘एसी पॅकेज’ विकण्याचे मासिक लक्ष्य जेथे नोकरांना दिले जाते, तेथील गोष्ट मात्र निराळी; तेथे अज्ञानाचा पद्धतशीर व्यापार होतो.

ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ पासून आहे आणि २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू झाला. परंतु दोन हजारांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार? केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही उघडले. त्यात मोटारींचा समावेश आहे. त्यापेक्षा साधी मागणी अशी करता येईल: बिलात वस्तू आणि मजुरी वेगळी दाखवावी, काढलेला फिल्टर गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा, आणि गळती तपासल्याची नोंद असल्याशिवाय गॅसचे पैसे आकारू नयेत.

कारण ही हवा सर्वांना सारखी भोवत नाही. मालक दिवसातून तासभर तिच्यात बसतो; टॅक्सीचालक दहा-बारा तास बसतो, आणि बुरशीने दम्याचा विकार बळावतो. प्रवाशाने वासाबद्दल कमी तारे दिले की नुकसान त्याचेच, म्हणून अत्तराची डबीही त्याच्याच पैशाने येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या पावसात ट्रकचालक त्याच केबिनमध्ये जेवतो आणि झोपतोही. यंत्र बसविण्याची सोय नियमाने झाली. त्याचा फिल्टर कोणी आणि कोणाच्या खर्चाने बदलायचा, हे मालक-चालकांच्या बोलीत अजून ठरायचे आहे.