गर्भारणीचे ताट

आपल्याकडे सातव्या महिन्यात गर्भारणीचे डोहाळजेवण थाटाने होते. तिची ओटी भरतात, गोडधोड करतात. आणि दुसऱ्याच दिवशी बजावतात, "पपई उष्ण, अंडे उष्ण, फार जेवू नकोस, मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल!" ही विसंगती आपल्या ध्यानात का येऊ नये?

जुन्या बायकांना मी दोष देत नाही. दवाखाना कोसोगणती दूर असताना अडलेल्या बाईचे मरण त्यांनी पाहिले होते. भीती खरी होती. उपाय मात्र चुकला. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असते, ती टाळावी हे ठीक. पण पिकलेल्या पपईवर, अंड्यावर राग कशासाठी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला. अशा वेळी तिच्या ताटातला घास कमी करणे म्हणजे दोन जिवांना उपाशी ठेवणे होय.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. आपले शिक्षण परीक्षेपुरतेच राहिले तर त्याचा घराला काय उपयोग? डोहाळजेवणाच्या दिवशीचा हात नऊही महिने सैल राहावा, एवढे जरी आपण आई-आजीला गोडीने पटवून दिले तरी पुष्कळ झाले.